पाण्यातील सूक्ष्मजीवांची सूक्ष्मदर्शकीय गणना

पाण्यातील सूक्ष्मजीवांची सूक्ष्मदर्शकीय गणना ही पाण्याच्या ठरावीक आकारमानात किती सूक्ष्मजीव आहेत याचा अंदाज बांधण्याची पद्धत आहे. तिला थेट गणना असेही म्हणतात. या पद्धतीत नमुन्याचा घनफळ माहीत असलेला एक लहान भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यातील पेशी मोजतात आणि भूमितीच्या आधारे ती संख्या संपूर्ण नमुन्याला लागू करतात. उत्तर बहुधा दर मिलिलिटरमागे पेशींची संख्या या स्वरूपात देतात. सागरविज्ञान, सरोवरविज्ञान, पाणीपुरवठा, सांडपाणी प्रक्रिया आणि किण्वन उद्योग या क्षेत्रांत ही पद्धत वापरली जाते.

सूक्ष्मजीव मोजण्याच्या दुसऱ्या प्रमुख पद्धतीत नमुना पोषक माध्यमावर पसरून वाढलेल्या वसाहती मोजतात. तिच्यात फक्त त्या माध्यमावर वाढू शकणाऱ्या पेशींची गणना होते. थेट गणनेत मात्र दिसणारी प्रत्येक पेशी मोजली जाते, मग ती जिवंत असो वा मृत. त्यामुळे एकाच नमुन्याबाबत या दोन पद्धतींची उत्तरे कित्येक पटींनी वेगळी येऊ शकतात.

मूळ तत्त्व

समुद्राच्या पृष्ठभागाजवळील एक मिलिलिटर पाण्यात सर्वसाधारणपणे काही लाख जीवाणू असतात. त्या सर्वांची मोजणी करणे शक्य नसते. म्हणून नमुना नीट ढवळून त्यातील पेशी सर्वत्र सारख्या विखुरल्या आहेत असे गृहीत धरतात व एका लहान भागातील पेशी मोजतात. पाहिलेल्या भागाचे घनफळ माहीत असेल, तर

पेशींची संहती = मोजलेल्या पेशी ÷ पाहिलेल्या पाण्याचे घनफळ

हे सूत्र वापरता येते. नमुना आधी विरल केला असल्यास उत्तराला विरलीकरणाच्या पटीने गुणतात. नमुना टिकवण्यासाठी घातलेल्या द्रव्यामुळेही विरलीकरण होते. उदाहरणार्थ, १९ मिलिलिटर पाण्यात १ मिलिलिटर फॉर्मॅलिन घातल्यास उत्तराला २० ÷ १९, म्हणजे सुमारे १.०५ ने गुणावे लागते.

सूत्र सोपे असले तरी त्यातील घनफळ प्रत्यक्ष मोजलेले नसते. ते लांबी, रुंदी, खोली किंवा त्रिज्या यांवरून काढलेले असते. पाहिलेला भाग नमुन्याच्या हजारावा, लाखावा किंवा त्याहूनही लहान अंश असल्याने या मापांतील प्रत्येक चूक गुणाकारातून अंतिम उत्तरात उतरते. म्हणूनच या पद्धतीची विश्वासार्हता सूक्ष्मदर्शकाच्या क्षमतेइतकीच भूमितीय मापांवरही अवलंबून असते.

इतिहास

पाण्यातील सूक्ष्मजीवांच्या संख्येचा पहिला अंदाज नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहराचे रहिवासी आंतॉन व्हान लेव्हेनहूक यांनी बांधला. ९ ऑक्टोबर १६७६ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी मिरी भिजवलेल्या पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांचे वर्णन केले होते. त्यांच्याकडे मोजणीसाठी आखलेली काच नव्हती. वाळूचा कण, धान्याचा बारीक दाणा अशा परिचित वस्तूंच्या व्यासाशी तुलना करून आणि व्यासांच्या गुणोत्तराचा घन काढून ते आकारमानांचे गुणोत्तर ठरवत. सांगितलेली संख्या अविश्वसनीय वाटल्यामुळे १६७७ मध्ये त्यांनी आठ व्यक्तींच्या साक्षी सोसायटीकडे पाठवल्या. त्याच वर्षी रॉबर्ट हूक यांनी सोसायटीसमोर हे सूक्ष्मजीव दाखवून त्या निरीक्षणाला दुजोरा दिला.

एकोणिसाव्या शतकात रक्तपेशी मोजण्यासाठी ठरावीक खोलीच्या व आखीव चौकटींच्या काचा तयार झाल्या. पुढे त्याच काचा यीस्ट, शैवाल व जीवाणू मोजण्यासाठी वापरात आल्या. पिण्याच्या पाण्याच्या तपासणीसाठी विल्यम सेजविक व जॉर्ज राफ्टर या अमेरिकी तज्ज्ञांच्या नावाने ओळखला जाणारा मोजणी कक्ष रूढ झाला. जॉर्ज व्हिपल यांनी १८९९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या सूक्ष्मदर्शकीय परीक्षणावर ग्रंथ प्रसिद्ध केला. नेत्रिकेत बसवायच्या आखीव चौकटीला आजही त्यांच्या नावाने ओळखतात.

१९०७ मध्ये डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीतील विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने एक निबंध प्रसिद्ध केला. मोजणी कक्षातील ४०० चौकोनांत यीस्टच्या पेशी कशा विखुरतात, हे तपासून गणनेतील त्रुटीचा नियम त्यांनी त्यात मांडला. १९३१ मध्ये हान्स उटरमोल यांनी उलट्या सूक्ष्मदर्शकाचा वापर सुचवला. या सूक्ष्मदर्शकात भिंग खालच्या बाजूस असल्याने उभ्या नळीच्या तळाशी बसलेल्या पेशी मोजता येतात. १९७७ मध्ये जॉन हॉबी व सहकाऱ्यांनी सपाट पॉलिकार्बोनेट गाळणपटल व प्रतिदीप्त रंजक द्रव्य यांचा एकत्रित वापर करणारी पद्धत प्रसिद्ध केली. १९८० मध्ये कॅरेन पोर्टर व युवेट फाइग यांनी त्याच कामासाठी डॅपी हे डीएनएला चिकटणारे रंजक द्रव्य सुचवले.

मोजणी कक्ष

मोजणी कक्ष ही ठरावीक खोलीचा खळगा असलेली जाड काचपट्टी असते. खळग्यावर आच्छादक काच ठेवली की पाण्याचा ठरावीक जाडीचा थर तयार होतो. खळग्याच्या तळावरील आखीव चौकोनाचे क्षेत्रफळ व थराची जाडी यांचा गुणाकार म्हणजे पाहिलेल्या पाण्याचे घनफळ होय. प्रचलित कक्ष पुढीलप्रमाणे आहेत.

• सुधारित न्यूबाउअर कक्ष : खोली ०.१ मिलिमीटर. आखीव भाग ३ × ३ मिलिमीटर असून त्यात १ मिलिमीटर बाजूचे ९ मोठे चौकोन असतात. एका मोठ्या चौकोनावरील पाणी ०.१ घन मिलिमीटर, म्हणजे मिलिलिटरचा दहा हजारावा भाग असते. त्यामुळे एका मोठ्या चौकोनातील पेशींना १०,००० ने गुणल्यास दर मिलिलिटरमधील संख्या मिळते. मधला चौकोन ४०० लहान चौकोनांत विभागलेला असतो.

• पेट्रॉफ–हाउसर कक्ष : खोली ०.०२ मिलिमीटर. थर पातळ असल्याने उच्च विवर्धनाखाली जीवाणू मोजता येतात. एक चौरस मिलिमीटर भागासाठी गुणक ५०,००० असतो.

• सेजविक–राफ्टर कक्ष : लांबी ५० मिलिमीटर, रुंदी २० मिलिमीटर, खोली १ मिलिमीटर. एकूण घनफळ १,००० घन मिलिमीटर, म्हणजे बरोबर १ मिलिलिटर. तो शैवाल व इतर मोठ्या प्लवकांसाठी वापरतात. जाड थरामुळे उच्च विवर्धनाचे भिंग त्यावर वापरता येत नाही.

थर जितका पातळ, तितकी खोलीतील चूक महाग पडते. आच्छादक काचेखाली धुळीचा कण अडकून ती ०.०१ मिलिमीटरने उचलली गेली, तर न्यूबाउअर कक्षातील पाणी १० टक्क्यांनी वाढते, पण पेट्रॉफ–हाउसर कक्षातील पाणी ५० टक्क्यांनी वाढते. मोजणाऱ्याला ही वाढ दिसत नाही. तो नेहमीचाच गुणक वापरतो आणि उत्तर तितक्या प्रमाणात फुगते.

चौकोनाच्या रेषेवर पडलेल्या पेशींचाही विचार करावा लागतो. रेषेला स्पर्श करणारी प्रत्येक पेशी मोजल्यास चौकोनाचे क्षेत्रफळ जणू वाढते. १० मायक्रोमीटर बाजूच्या चौकोनात २ मायक्रोमीटर व्यासाच्या गोल पेशी अशा रीतीने मोजल्यास संख्या सरासरी ४३ टक्क्यांनी जास्त येते. १०० मायक्रोमीटर बाजूच्या चौकोनात हीच चूक सुमारे ४ टक्के असते. ती टाळण्यासाठी लगतच्या दोन बाजूंना, उदाहरणार्थ वरच्या व डाव्या बाजूस, स्पर्श करणाऱ्या पेशी मोजतात आणि उरलेल्या दोन बाजूंवरील सोडून देतात.

गाळणपटल पद्धत

नैसर्गिक पाण्यातील जीवाणूंची संख्या मोजणी कक्षासाठी बहुधा फार कमी असते. दर मिलिलिटरमध्ये १० लाख जीवाणू असले, तरी पेट्रॉफ–हाउसर कक्षाच्या एक चौरस मिलिमीटर भागात सरासरी २० पेशीच सापडतात. म्हणून पाणी गाळून त्यातील पेशी एका पटलावर गोळा करतात.

यासाठी सर्वसाधारणपणे २५ मिलिमीटर व्यासाचे आणि ०.२ मायक्रोमीटर छिद्रांचे काळे पॉलिकार्बोनेट पटल वापरतात. त्याचा पृष्ठभाग सपाट असून छिद्रे आरपार सरळ असतात. त्यामुळे पेशी पटलाच्या आत न रुतता एकाच पातळीत राहतात व एकाच वेळी स्पष्ट दिसतात. काळ्या रंगामुळे पटलाचा स्वतःचा प्रकाश दबतो. गाळण्यापूर्वी पेशींना ॲक्रिडिन ऑरेंज किंवा डॅपी या द्रव्याने रंगवतात. योग्य तरंगलांबीचा प्रकाश टाकला की रंगलेल्या पेशी काळ्या पार्श्वभूमीवर चमकतात.

येथे थराच्या खोलीचा प्रश्न उरत नाही. क्षेत्रफळांचे गुणोत्तर पुरेसे असते :

संहती = एका क्षेत्रातील सरासरी पेशी × (गाळण झालेले क्षेत्रफळ ÷ एका क्षेत्राचे क्षेत्रफळ) ÷ गाळलेले पाणी

समजा, समुद्राचे २ मिलिलिटर पाणी गाळले. नळीचा अंतर्व्यास १६ मिलिमीटर असल्याने पेशी ८ मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात पसरल्या. या वर्तुळाचे क्षेत्रफळ ३.१४१६ × ८ × ८, म्हणजे सुमारे २०१ चौरस मिलिमीटर आहे. नेत्रिकेतील चौकट पटलावर ०.१ × ०.१ मिलिमीटर, म्हणजे ०.०१ चौरस मिलिमीटर जागा व्यापते. वर्तुळात अशा सुमारे २०,१०० चौकटी मावतात. त्यांपैकी १६ चौकटींत मिळून ४०० पेशी दिसल्या, तर सरासरी २५ पेशी होते. पटलावरील एकूण पेशी सुमारे ५ लाख आणि दर मिलिलिटरमधील पेशी सुमारे २.५ लाख ठरतात.

या गणितात सर्वाधिक आढळणारी चूक वर्तुळाच्या व्यासाबाबत होते. पटलाचा व्यास २५ मिलिमीटर असला, तरी कडेचा भाग नळीखाली दाबलेला असल्याने त्यातून पाणी गाळले जात नाही. १६ ऐवजी २५ हा आकडा घातल्यास क्षेत्रफळ २.४४ पट होते आणि वरील उत्तर २.५ लाखांऐवजी ६.१ लाख येते. व्यास १६ ऐवजी १७ धरला, तरी उत्तर १३ टक्क्यांनी वाढते, कारण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

चौकटीचे मापही गृहीत धरून चालत नाही. ते प्रत्येक वस्तुभिंगासाठी मंचावरील मापपट्टीने ठरवतात. या काचेवर १ मिलिमीटर लांबीचे १०० समान भाग केलेले असतात. वर्तुळाकार दृष्टिक्षेत्र वापरायचे असल्यास नेत्रिकेवर दिलेल्या क्षेत्रांकाला वस्तुभिंगाच्या विवर्धनाने भागून त्याचा व्यास मिळतो. क्षेत्रांक २० व विवर्धन १०० असल्यास व्यास ०.२ मिलिमीटर येतो.

रंजक द्रव्यात किंवा उपकरणांतही जीवाणू असू शकतात. म्हणून जीवाणूविरहित पाणी त्याच रीतीने गाळून कोरी चाचणी घेतात आणि तिच्यात मिळालेली संख्या उत्तरातून वजा करतात.

गणनेतील अनिश्चितता

पेशी यदृच्छया विखुरल्या असतील, तर एकाच नमुन्याच्या समान भागांत मिळणाऱ्या संख्या प्वासाँ वितरणानुसार बदलतात. या वितरणात प्रमाण विचलन हे मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाएवढे असते. १०० पेशी मोजल्यास ते १०, म्हणजे १० टक्के असते. ४०० पेशी मोजल्यास ते २०, म्हणजे ५ टक्के असते. अनिश्चितता निम्मी करण्यासाठी चौपट पेशी मोजाव्या लागतात. म्हणून किती चौकटी पाहिल्या यापेक्षा एकूण किती पेशी मोजल्या याला अधिक महत्त्व असते.

नैसर्गिक पाण्यात पेशी पुष्कळदा गुच्छात किंवा गाळाच्या कणांना चिकटलेल्या असतात. अशा वेळी चौकटींमधील फरक वर्गमुळाच्या नियमाहून जास्त येतो. यदृच्छ विखुरणीत निरनिराळ्या चौकटींतील संख्यांचे विचरण त्यांच्या सरासरीएवढे असावे लागते. ते बरेच मोठे आल्यास नमुना नीट ढवळला गेला नाही किंवा पेशी गुच्छात आहेत असे समजतात. चौकटींची निवडही डोळ्यांना भरणारी जागा पाहून न करता आधी ठरवलेल्या क्रमाने किंवा यदृच्छ पद्धतीने करावी लागते.

एकही पेशी न दिसल्यास निष्कर्ष काढताना विशेष काळजी घ्यावी लागते. प्वासाँ वितरणानुसार शून्य मोजणी झाली असता, पाहिलेल्या घनफळातील खरी सरासरी ९५ टक्के विश्वासपातळीवर ३ पेशींपर्यंत असू शकते. न्यूबाउअर कक्षाचा एकच मोठा चौकोन रिकामा दिसला, तर दर मिलिलिटरमध्ये ३०,००० पर्यंत पेशी असण्याची शक्यता उरते. नऊही चौकोन रिकामे असल्यास ही मर्यादा सुमारे ३,३०० पर्यंत खाली येते. सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसलेला थेंब म्हणजे सूक्ष्मजीवविरहित पाणी नव्हे. त्यावरून एवढेच कळते की संहती त्या मर्यादेहून कमी असावी.

पेशींचे आकारमान

अनेक प्रश्नांत केवळ संख्या पुरत नाही. पेशींचे एकूण घनफळ म्हणजे जैवघनफळ काढण्यासाठी प्रत्येक पेशीला तिच्याशी जुळणाऱ्या भूमितीय आकाराने दर्शवतात. गोल जीवाणूसाठी गोलाचे सूत्र वापरतात : घनफळ = ३.१४१६ × व्यासाचा घन ÷ ६. दंडाकार जीवाणूला दोन्ही टोकांना अर्धगोल असलेला वृत्तचिती मानतात : घनफळ = ३.१४१६ × व्यासाचा वर्ग ÷ ४ × (लांबी − व्यास ÷ ३). ०.५ मायक्रोमीटर व्यासाच्या व १.५ मायक्रोमीटर लांबीच्या दंडाकार जीवाणूचे घनफळ यानुसार सुमारे ०.२६ घन मायक्रोमीटर येते. शैवालांसाठी लंबगोल, शंकू, लोलक असे इतर आकारही वापरले जातात.

गोलाच्या बाबतीत व्यासातील १० टक्क्यांची वाढ घनफळात ३३ टक्क्यांची होते. जीवाणूंचा व्यास दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असल्याने त्यांची कड अस्पष्ट दिसते. त्यामुळे जीवाणूंचे जैवघनफळ त्यांच्या संख्येपेक्षा कमी विश्वसनीय असते.

पाणीपुरवठ्यात या फरकाला व्यावहारिक महत्त्व आहे. सायनोबॅक्टेरिया म्हणजेच नील-हरित जीवाणूंच्या काही जाती यकृताला व मज्जासंस्थेला घातक विषे तयार करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक ग्रंथात पिण्याच्या पाण्याच्या स्रोतासाठी पहिली सावधानता पातळी दर मिलिलिटर २,००० पेशी किंवा दर लिटर ०.२ घन मिलिमीटर जैवघनफळ अशी दिली होती. दर मिलिलिटर २,००० पेशी असताना त्यांचा व्यास ३ मायक्रोमीटर असेल, तर जैवघनफळ दर लिटर सुमारे ०.०३ घन मिलिमीटर येते. व्यास ७ मायक्रोमीटर असेल, तर ते सुमारे ०.३६ घन मिलिमीटर येते. म्हणजे पेशींची संख्या तीच राहूनही जैवघनफळ पातळीच्या बरेच खाली किंवा वर असू शकते. ग्रंथाच्या २०२१ च्या आवृत्तीत जैवघनफळाच्या पातळ्या दर लिटर ०.३ व ४ घन मिलिमीटर अशा आहेत.

संवर्धन पद्धतीशी तुलना

समुद्राच्या पाण्यातील थेट गणना व वसाहतींची गणना यांतील मोठी तफावत १९५९ मध्ये होल्गर यानाश व गॅलन जोन्स यांनी मांडली. १९८५ मध्ये जेम्स स्टेली व ॲलन कोनोप्का यांनी तिला वसाहत गणनेतील महाविसंगती असे नाव दिले. समुद्राच्या पाण्यात नेहमीच्या माध्यमांवर वाढणाऱ्या पेशी थेट गणनेच्या एक टक्क्याहूनही पुष्कळ कमी असतात. १९९८ मध्ये विल्यम व्हिटमन व सहकाऱ्यांनी पृथ्वीवरील केंद्रकपूर्व जीवांच्या एकूण संख्येचा अंदाज बांधला, तेव्हा समुद्राच्या वरच्या २०० मीटर थरासाठी दर मिलिलिटर ५ लाख पेशी ही सरासरी थेट गणनांवरून घेतली होती.

न वाढणारी पेशी मृतच असते असे नाही. १९८२ मध्ये रीटा कॉलवेल व सहकाऱ्यांनी कॉलऱ्याचे जीवाणू प्रतिकूल परिस्थितीत माध्यमावर न वाढणाऱ्या पण जिवंत अवस्थेत राहतात, असे दाखवले. अशा पाण्याच्या वसाहत गणनेत हे जीवाणू आढळत नाहीत. उलट, थेट गणनेत मृत पेशीही मोजल्या जातात. जिवंत व मृत पेशी वेगळ्या ओळखण्यासाठी पेशीपटल अखंड आहे की फाटलेले, यानुसार निरनिराळे रंग देणारी रंजक द्रव्ये वापरतात.

पिण्याच्या पाण्याच्या तपासणीतील उपयोग व मर्यादा

पिण्यायोग्य पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात एश्चेरिचिया कोलाय हा जीवाणू आढळता कामा नये, असा भारतीय मानक आय. एस. १०५०० चा निकष आहे. सूक्ष्मदर्शकीय गणनेने त्याची पूर्तता तपासता येत नाही. आकारावरून हा जीवाणू इतर दंडाकार जीवाणूंहून वेगळा ओळखता येत नाही आणि १०० मिलिलिटरमधील एखादी पेशी शोधणेही व्यवहार्य नसते. या कामासाठी संवर्धन पद्धतीच वापरावी लागते.

क्लोरिनला दाद न देणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीच्या ४ ते ६ मायक्रोमीटर व्यासाच्या युग्मपुटींसाठी मात्र सूक्ष्मदर्शक उपयोगी पडतो. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात या परजीवीमुळे सुमारे ४ लाख लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे. त्याच्या तपासणीत १० लिटर किंवा अधिक पाणी गाळून युग्मपुटींना प्रतिदीप्त प्रतिपिंडे चिकटवतात व संपूर्ण काचपट्टी तपासतात. येथे लहान भागावरून गुणाकार करायचा नसतो. अनिश्चितता येते ती गाळताना व वेगळे करताना हरवणाऱ्या युग्मपुटींमुळे. म्हणून ज्ञात संख्येने युग्मपुटी मिसळलेल्या पाण्याची चाचणी घेऊन किती टक्के परत मिळतात हे तपासतात.

थेट गणनेच्या इतर मर्यादांमध्ये मोजणाऱ्याचा थकवा, गाळाचे कण व पेशी यांतील गल्लत आणि लागणारा वेळ यांचा समावेश होतो. सध्या प्रवाह कोशिकामापन व प्रतिमाविश्लेषण यांमुळे अल्पावधीत हजारो पेशी मोजता येतात. या यंत्रांच्या मोजणीची पडताळणी करण्यासाठी आजही गाळणपटलावरील सूक्ष्मदर्शकीय गणना वापरली जाते.